पेटती डुकरं आणि शुद्ध इतिहास

इतिहासावरून भांडणारी माणसं फक्त आपल्याच मातीत पिकतात असं आपल्याला उगाच वाटत असतं. एखादा ऐतिहासिक चित्रपट आला की पगडीचा पीळ उलटा होता, तलवारीची मूठ त्या काळातली नव्हती, घोडा फारच धष्टपुष्ट होता, यावर आपण महिना-दोन महिने सहज काढतो. नंतर मात्र थंड होतो. चुकलेली पगडी वर्षानुवर्षं खपून, एका पैचीही अपेक्षा न ठेवता, स्वतःच पुन्हा बांधून देणारी जमात बघायची असेल तर 'रोम: टोटल वॉर' या संगणकावरच्या खेळाच्या चाहत्यांकडे जावं लागतं.

खेळ २००४ सालचा, इंग्लंडमधल्या क्रिएटिव्ह असेंब्ली या कंपनीचा. भूमध्य समुद्राभोवतीच्या जगाचा नकाशा समोर येतो, साल असतं इसवी सनापूर्वी २७०. एका पडद्यावर शहरं बांधायची, कर लावायचे, फौजा हलवायच्या. आणि दोन फौजा समोरासमोर आल्या की दुसऱ्या पडद्यावर हजारो सैनिकांची लढाई डोळ्यांदेखत लढायची. त्या काळात हे दृश्य इतकं भारी होतं की बीबीसीनं 'टाइम कमांडर्स' या कार्यक्रमात याच खेळाचं यंत्र, म्हणजे इंजिन, वापरून जुन्या लढाया पुन्हा लढवून दाखवल्या. एवढं खरंखुरं दिसल्यावर लोकांना ते खरंच असावं असं वाटू लागलं, आणि तिथंच माशी शिंकली.

कारण मूळ खेळात पेटती डुकरं आहेत. डुकरांच्या अंगाला डांबर फासायचं, काडी लावायची आणि शत्रूच्या हत्तींच्या दिशेनं सोडून द्यायचं. ब्रिटनच्या फौजेत कापलेली मुंडकी फेकणारी तुकडी आहे. जर्मनांकडे नुसत्या किंचाळून शत्रूचं धैर्य खच्ची करणाऱ्या बायका आहेत. रोमन फौजेत आर्कानी नावाचे काळ्या वेशातले, तोंडावर मुखवटे चढवलेले गुप्त मारेकरी आहेत. ते थेट जपानी निंजांच्या सिनेमातून पळून आल्यासारखे दिसतात. आर्कानी नावाचे लोक खरोखर होते, पण ते चौथ्या शतकात ब्रिटनच्या सरहद्दीवर टेहळणी करायचे, आणि त्यातही शत्रूला फितूर झाले म्हणून त्यांना नारळ दिला गेला, असं आमिआनुस मार्सेलिनुस हा रोमन इतिहासकार सांगतो. खेळात मात्र सहाशे वर्षं आधीच त्यांना बढती मिळाली.

पण या सगळ्यावर कडी केली ती इजिप्तनं. ख्रिस्तपूर्व २७० मध्ये इजिप्तवर टॉलेमी घराणं राज्य करत होतं. हे अलेक्झांडरच्या सेनापतीचे वंशज, अस्सल मॅसिडोनियन ग्रीक. त्यांची फौज लांब भाल्यांची, ग्रीक पद्धतीची. त्या घराण्यातल्या आधीच्या राजांनी इजिप्तची भाषा शिकण्याचेही कष्ट घेतले नव्हते, ते घेतले क्लिओपात्रानं, असं प्लुटार्क या प्राचीन ग्रीक लेखकानं लिहून ठेवलंय. खेळात मात्र फारो आहे, फारोचे रक्षक आहेत, रथ आहेत, परशू घेतलेले उघडेबंब सैनिक आहेत. म्हणजे हजारेक वर्षांपूर्वीचं इजिप्त. शिवकाळावरच्या खेळात मावळ्यांना चालुक्य पुलकेशीच्या दरबारातला वेश चढवावा, तसला प्रकार. कंपनीचा हिशेब सरळ होता: इजिप्त म्हटलं की गिऱ्हाइकाला पिरॅमिड आणि रथ दिसतात, तर तेच द्या. गिऱ्हाईक खूश झालंही. पण त्या गिऱ्हाइकांत चारदोन ग्रीक-लॅटिन वाचणारे निघाले आणि त्यांचं डोकं फिरलं.

डोकं फिरलेल्या माणसाच्या हाती हत्यार देऊ नये म्हणतात. कंपनीनं नेमकं तेच केलं. खेळातली निम्मी माहिती साध्या मजकुराच्या फायलींत ठेवलेली होती. नोटपॅडमध्ये उघडावी, वाचावी, बदलावी. प्रत्येक तुकडीच्या नावापुढे हल्ला, धडक, चिलखत, ढाल, मनोधैर्य, पगार असे आकडे स्वल्पविराम देऊन मांडलेले. सात खोडून नऊ लिहा, फाईल सेव्ह करा, खेळ सुरू करा. तुमचे भालेवाले कालच्यापेक्षा शूर. इतकं सोपं. फक्त एखादा स्वल्पविराम राहिला तर खेळ सुरू होता होता एकही शब्द न बोलता बंद पडतो आणि तुम्ही पुन्हा डेस्कटॉपवरच्या वॉलपेपरकडे बघत बसता. मग चार हजार ओळींत तो स्वल्पविराम शोधायचा. मोडी वाचणाऱ्या लोकांची चिकाटी मला मान्य आहे, पण हरवलेला स्वल्पविराम शोधणाऱ्याची चिकाटी वेगळ्याच मातीची असते.

अशा बदलांच्या गाठोड्याला मॉड म्हणतात. मी इतके मॉड पाहिल्यावर एका मताला आलो आहे: कुठल्याही मॉडची प्रस्तावना वाचायची गरज नसते. त्यानं सगळ्यात आधी काय काढून टाकलं ते बघावं. करणाऱ्याला नेमकं काय सहन झालं नाही ते तिथं कळतं, आणि पुढचा सगळा मॉड त्या एका सलाभोवती उभा असतो.

'रोम: टोटल रिॲलिझम', म्हणजे आरटीआर, या मॉडला काय सहन झालं नाही? अव्यवस्था. मूळ खेळात रोम एक नाहीच. ज्युली, ब्रुटी आणि स्किपी अशी तीन घराणी लाल, हिरव्या आणि निळ्या रंगात वेगवेगळी राज्यं म्हणून वावरतात, आणि चौथं रोमचं सिनेट बसल्या जागेवरून 'अमुक बंदराची नाकेबंदी करा' अशी फर्मानं काढत असतं. आपण इकडे अर्धा गॉल जिंकून घामाघूम झालेले, आणि सिनेटला कुठल्यातरी बंदरापुढे दोन होड्या उभ्या केलेल्या हव्या असतात. आरटीआरनं चारही गुंडाळली आणि एकच रोम केला. यात इतिहासाची सोय होतीच, पण एक व्यवहारी फायदाही होता. खेळाच्या यंत्रात बंडखोर धरून एकवीसच सत्ता मावतात, त्याला काही इलाज नाही. चारांचा एक केला की तीन जागा रिकाम्या. मॉडच्या दुनियेत रिकाम्या जागेला मुंबईतल्या खोलीइतकाच भाव असतो. तिथं कोणाला घ्यायचं यावर मग वेगळा वाद.

आरटीआरचं दुसरं दुखणं भरतीचं. मूळ खेळात पैसा आणि बराकी असल्या की रोमन सैनिक कुठेही तयार होतो. वाळवंटातही आणि ब्रिटनच्या चिखलातही. आरटीआरनं प्रदेशवार भरती आणली. ज्या मुलखात जे लोक राहतात त्यांच्यातूनच फौज उभी करायची. अस्सल रोमन पायदळ हवं असेल तर इटलीतून बोलवा, तोवर स्थानिक मिळतील तेवढ्यावर भागवा. ऐकायला फार रास्त वाटतं. प्रत्यक्षात तुमची उत्तम फौज स्पेनमध्ये अर्धी होते आणि भरपाईला निघालेली कुमक आल्प्स ओलांडून येईपर्यंत तुमच्या सेनापतीचं वय होऊन तो मरतो. आरटीआरच्या पुढच्या आवृत्त्यांत खेळ ख्रिस्तपूर्व २८० पासून सुरू होतो, म्हणजे एपिरसचा राजा पिरस वीस हत्ती घेऊन इटलीत उतरतो त्या सुमारापासून. रोमन म्हणून खेळताना पहिल्याच घटकेला हत्ती समोर, आणि डुकरं तर मॉडवाल्यांनी काढून घेतलेली!

आता डुकरांचं सांगायलाच हवं. या प्रकरणात माझी सहानुभूती पूर्णपणे डुकरांच्या बाजूला आहे. मेगारा या ग्रीक शहराला मॅसिडोनियाचा राजा अँटिगोनस गोनाटसनं वेढा घातला तेव्हा मेगाराच्या लोकांनी डुकरांना डांबर फासून, पेटवून त्याच्या हत्तींवर सोडलं आणि हत्ती उधळले, हे पॉलिएनस आणि एलियन या दोन जुन्या लेखकांनी नोंदवलंय. ही घटना ख्रिस्तपूर्व २६६ च्या आसपासची मानतात, म्हणजे खेळाच्या काळात अगदी चपखल. मूळ खेळातल्या ज्या चाळ्यांवर सगळे हसले त्यात पुरावा खिशात घेऊन फिरणारा एवढा एकच प्राणी होता. तरी शुद्धतेच्या झाडूत तोही गेला. शुद्धतावाद्यांना पुरावा लागतो हे अर्धसत्य आहे. शोभणारा पुरावा लागतो.

आरटीआर शिस्तीचा मॉड, तर 'युरोपा बार्बारोरम', म्हणजे ईबी, हा पांडित्याचा. त्याचा सल वेगळा होता. रोमन आणि ग्रीक लेखकांनी ज्यांना रानटी ठरवलं ते केल्ट, जर्मन, डेसियन आणि स्टेपमधले लोक मूळ खेळातही रानटीच होते: केसाळ, अर्धनग्न, आरडाओरडा करणारे आणि रोमनांच्या हातून मरण्यापुरते उपयोगी. ईबीवाल्यांना हे सोसवेना. त्यांचं म्हणणं, अहो, कड्यांचं लोखंडी चिलखत गॉल लोकांकडून आलं असं खुद्द वारो हा रोमन पंडित सांगतो, आणि तुम्ही त्या गॉलला उघडा पळवताय? मग त्यांनी गॉलच्या सरदारांना चिलखत घातलं, त्यांच्या घोडदळाला मान दिला, गॉलमध्ये एडुई आणि आर्वेर्नी अशी दोन भांडणारी राज्यं दाखवली. नकाशावर कोणाच्याही ताब्यात नसलेल्या शहरांना मूळ खेळ सरसकट 'बंडखोर' म्हणायचा. ईबीनं तेही बदललं. ते कोणाविरुद्धही बंड करत नव्हते, आपापल्या गावी सुखानं राहात होते, तेव्हा त्यांना एलेउथेरोई म्हणजे स्वतंत्र लोक म्हणा. मुद्दा बिनतोड आहे. त्यांच्यावर चाल करून जाताना मात्र आता अपराधी वाटतं.

ईबीमध्ये प्रत्येक सत्तेचं नाव तिच्या स्वतःच्या भाषेत आहे. त्यामुळे पहिली पंधरा मिनिटं आपण कोण होणार हे ठरवण्यातच जातात. कार्थेज कुठेय? ते 'कार्थदास्तीम' या नावाखाली लपलंय. आर्मेनिया 'हायस्दान'. जर्मन 'स्वेबोझ'. तुकड्यांची नावंही त्याच थाटाची, आणि काही सत्तांच्या सैनिकांना हुकूम केला की ते त्यांच्या पुनर्रचित प्राचीन भाषेत उत्तर देतात. दोन हजार वर्षांपूर्वी मेलेल्या भाषेत कोणीतरी माइकसमोर बसून 'निघालो, सरकार!' असं काहीतरी ओरडलंय, आणि त्याआधी त्याच्या व्याकरणावर चर्चा झालीय. ही चिकाटी बघून हात जोडावेसे वाटतात. जोडलेले हात मग माऊसवर ठेवून एखाद्या तुकडीवर उजवी टिचकी मारावी, तर त्या तुकडीचा इतिहास उघडतो: हत्यारं, पोशाख, सामाजिक दर्जा, कुठल्या लढायांत होती. ते वाचून होईपर्यंत चहा गार.

माझा भाचा एकदा शेजारी येऊन बसला होता. त्याला लढाई बघायची होती.

"मामा, युद्ध कधी सुरू होणार?"

"आधी खजिना बघू. उणे आहे."

"म्हणजे?"

"म्हणजे कर्ज आहे. फौजेचा पगार उत्पन्नापेक्षा जास्त आहे."

"मग तू राजा कसला?"

प्रश्न रास्त होता. ईबीमध्ये बहुतेक राज्यं सुरू होतात तीच डोक्यावर ओझं घेऊन. पहिल्या काही चालींत शेजारचं एखादं श्रीमंत शहर घेतलं नाही तर दिवाळं ठरलेलं. जिंकलेल्या प्रांतात नुसता झेंडा रोवून चालत नाही. चार प्रकारच्या राज्यव्यवस्थांपैकी कुठली लावायची ते ठरवायचं, थेट आपला कारभार की तिथलाच कोणी मांडलिक, आणि त्यावर पुढे तिथं कुठली फौज मिळेल ते अवलंबून. तुमचे सरदारही नुसते शूर किंवा भित्रे नसतात. जन्मतः तल्लख की मंद, तडफदार की आळशी, माणसांत मिसळणारा की तुसडा, हे आधी बघायचं. रोमन असेल तर क्वेस्टर, एडिल, प्रीटर, कॉन्सल या पायऱ्या चढाव्या लागतात. मूळ खेळात मारियस या रोमन सेनापतीच्या लष्करी सुधारणा होण्यासाठी इटलीत एक भव्य राजवाडा बांधावा लागायचा. राजवाड्याला रंग लागला की साऱ्या साम्राज्यात फौज नव्या गणवेशात! ईबीत त्या सुधारणांसाठी अटींची लांबलचक यादी आहे, आणि ती पुरी होईपर्यंत तुम्ही जुन्याच फौजेवर दिवस काढता. भाच्यानं तेवढा वेळ वाट बघितली नाही. तो उठून बाहेर क्रिकेट खेळायला गेला आणि मी करवाढीचा विचार करत राहिलो.

वेळेचं गणितही समजून घ्या. मूळ खेळात वर्षाला दोन चाली, एक उन्हाळ्याची, एक हिवाळ्याची. ख्रिस्तपूर्व २७० ते इसवी सन १४, म्हणजे साडेपाचशेच्या वर चाली. ईबीनं ख्रिस्तपूर्व २७२ पासून सुरुवात केली आणि वर्षाचे चार ऋतू केले. एकूण चाली अकराशे चाळीसच्या घरात. एका चालीत दोन लढाया आणि थोडी डागडुजी धरली तरी नोकरी करणाऱ्या माणसानं डावाच्या शेवटी, म्हणजे सम्राट ऑगस्टसच्या काळापर्यंत, पोहोचायचं म्हणजे बहुधा निवृत्तीनंतरची योजना म्हणूनच हातात घ्यावी.

आणि एक विधी आहे. ईबीतल्या कितीतरी गोष्टी पडद्यामागे चालणाऱ्या एका स्क्रिप्टवर अवलंबून आहेत. खेळ चालू केला, जुना डाव उघडला की प्रत्येक वेळी सल्लागाराला बोलवायचं, त्याच्या चौकटीतलं 'कसं ते दाखवा' हे बटण दाबायचं, मग स्क्रिप्ट जागी होते. बटण दाबायचं राहिलं तर वरवर सगळं ठीक चालतं, पण आतून इतिहास हळूहळू बिघडत जातो. पूजेआधी आचमन राहिल्यासारखं हे नंतर कधीतरी ध्यानात येतं, आणि तोवर शेजारच्या राज्याचं भलतंच काहीतरी झालेलं असतं.

या मंडळींनी नंतर 'मिडिवल टू' या पुढच्या खेळाच्या यंत्रावर दुसरी ईबी करायला घेतली. तो खेळ २००६ चा. तिथं एकतीस सत्ता मावतात, हे मोठं आकर्षण. मग संशोधन सुरू झालं. दरम्यान कंपनीनं २००९ मध्ये 'एम्पायर', २०१० मध्ये 'नेपोलियन', २०११ मध्ये 'शोगुन टू' आणि २०१३ मध्ये 'रोम टू' हे खेळ काढले. दुसरी ईबी लोकांच्या हाती आली ऑगस्ट २०१४ मध्ये. एवढ्या अवधीत एका पिढीची दहावी ते पदवी उरकली. पण आली ती जोरात. त्यात तक्षशिला ही स्वतंत्र सत्ता म्हणून खेळता येते! भूमध्य समुद्रावरच्या भांडणात एकदाची सिंधूच्या अलीकडली बाजू उभी राहिली. कोणाही भारतीय खेळाडूनं पहिल्यांदा तीच निवडावी आणि अभिमानानं ऊर भरून यावा, मग समोर कोणकोण आहे ते बघून तो हळूहळू पूर्ववत व्हावा.

मधल्या काळाच्या मॉडांबद्दल थोडक्यात. 'मिडिवल टू'साठीचा 'स्टेनलेस स्टील' हा माझ्या मते सगळ्यात सभ्य मॉड. ११०० आणि १२२० अशी दोन सुरुवातीची सालं देतो, जगाचा नकाशा मोठा करतो, आणि तुम्हाला अडाणी न ठरवता ही सगळी कामं करतो. दुसरीकडे 'थर्ड एज' हा टॉल्किनच्या मिडल अर्थवरचा. इतिहास म्हणून काही घडलेलंच नाही, तेव्हा भांडण नसेल असं तुम्हाला वाटेल. गोंडोरच्या सैनिकाचं शिरस्त्राण पुस्तकाप्रमाणे हवं की चित्रपटाप्रमाणे, या विषयावर लोकांना मी इतकं पोटतिडकीनं बोलताना पाहिलंय की न घडलेल्या इतिहासाचे अभिमानी घडलेल्याच्या अभिमान्यांपेक्षा कडवे असतात याबद्दल माझी खात्री पटली.

'रोम टू' सप्टेंबर २०१३ मध्ये आला तो चुकांनी भरलेला. त्यावर 'डिव्हाइड एट इम्पेरा' हा मॉड उभा राहिला, आणि त्याला सहन झालं नाही ते म्हणजे फुकटात येणारी माणसं. या मॉडमध्ये प्रत्येक प्रांतात लोकसंख्या आहे: उच्चकुलीन, मधले, गरीब आणि परके असे चार वर्ग. चांगली तुकडी भरती करायची तर त्या वर्गातली माणसं शिल्लक हवीत. एका लढाईत उच्चकुलीन घोडदळ मारून घेतलंत, तर पुढच्या वेळी भरतीचं बटण दाबूनही काही होत नाही. घराण्यांत तरुणच उरलेले नसतात. शिवाय रसद आहे. शत्रूच्या मुलखात खोल शिरलात आणि मागे धान्याची सोय नसेल तर फौज लढाईविनाच गळते. हे मला मनापासून पटतं. इतर मॉड शत्रूला अवघड करतात. हा आपल्याला आपल्या हिशेबाला बांधतो. युद्ध करण्याआधी शिरगणती करावी लागते, आणि ती केल्यावर पुष्कळदा युद्ध करावंसं वाटत नाही.

मराठी वाचकाच्या मनात एव्हाना आलंच असेल: आपण कुठे आहोत? आपण 'एम्पायर'मध्ये आहोत. मार्च २००९ मध्ये हा खेळ आला, तो सुरू होतो १७०० मध्ये, आणि युरोप व अमेरिकेच्या जोडीला भारताचाही नकाशा आहे, त्यात मराठे ही खेळता येणारी सत्ता. लंडनपासून न्यू जर्सीपर्यंतच्या कितीतरी मराठी पोरांनी ब्रिटन किंवा फ्रान्स सोडून हमखास हीच निवडली असणार. खरं १७०० साल काय होतं? मार्चमध्ये सिंहगडावर राजाराम महाराजांचं निधन, साताऱ्याला औरंगजेबाचा वेढा, किल्ला पडला, ताराबाईंनी कारभार हाती घेतला. एवढी दाणादाण आणि त्यातून चिवटपणे उभं राहणं. खेळात त्या धामधुमीचा वासही नाही. मराठे एखाद्या सुखवस्तू युरोपीय राज्यासारखे कर वसूल करत बसलेले असतात.

पण आल्या आल्या खेळात एक अद्भुत दोष होता. संगणक ज्या राज्यांचा कारभार पाहायचा त्यांना समुद्रमार्गे फौज नेऊन किनाऱ्यावर उतरवता येत नव्हती. ब्रिटिशांच्या आरमाराला! खेळ आल्यावर पहिले काही महिने, पुढच्या दुरुस्त्या येईपर्यंत, इंग्रज इंग्लंडमध्येच अडकून पडले होते. दीडशे वर्षांचा राज्यकारभार, रेल्वे, मेकॉले, सगळं एका प्रोग्रॅमच्या चुकीमुळे रद्द. कंपनीनं ती चूक दुरुस्त केली ते बरं केलं का, याबद्दल मी आजही साशंक आहे.

'एम्पायर'वरचा सगळ्यात गाजलेला मॉड म्हणजे निक थोमाडिस या ग्रीक गृहस्थाचा 'डार्थमॉड'. त्याला सहन झालं नाही ते लढाईतलं संगणकाचं बावळटपण. त्यानं तुकड्या मोठ्या केल्या, शत्रूला थोडी अक्कल दिली, आणि बंदुकांच्या रांगा समोरासमोर गोळ्या झाडू लागल्या की ते दृश्य खरोखर भीतिदायक होतं. याच गृहस्थानं पुढे स्वतःचा खेळ काढला. गेटिसबर्गच्या लढाईवरचा, २०१४ मध्ये. चाहत्यानं कंपनीच्या चुका काढता काढता स्वतःच दुकान टाकावं, हे काही एकच उदाहरण नाही. 'एज ऑफ एम्पायर्स टू' या दुसऱ्याच एका खेळाच्या चाहत्यांनी केलेला 'फर्गॉटन एम्पायर्स' हा मॉड २०१३ मध्ये अधिकृतपणे खेळातच सामील करून घेतला गेला, आणि त्यातूनच त्या खेळात भारतीय आले. अख्ख्या भारताची एकच संस्कृती, उंटांवर बसलेली. २०२२ मध्ये तिची फोड झाली: हिंदुस्तानी, बंगाली, द्रविड आणि गुर्जर. या चौघांत मराठे नव्हते. नकाशातल्या जागेवरून भांडण करायला आता आपल्याकडेही मुद्दा आहे.

मात्र मराठ्यांच्या बाबतीत मूळ दुखणं पगडीचं किंवा तलवारीच्या मुठीचं नाही. टोटल वॉरच्या खेळात तुम्ही मैदान सोडून निघून गेलात की तुमचा पराभव झाला, असं यंत्रच ठरवतं. छापा घालायचा, रसद लुटायची आणि शत्रू सावरायच्या आत दहा कोस दूर जायचं, हे त्याला समजतच नाही. संताजी-धनाजींच्या अर्ध्या मोहिमा या खेळाच्या वहीत पराभवाच्या रकान्यात गेल्या असत्या. कितीही मॉड करा, चिलखतं बदला, आवाज बदला, हा हिशेब खेळाच्या पोटात पक्का बसलेला आहे. शुद्ध इतिहासाच्या गप्पा मारणाऱ्या मंडळींनी पुढचा मॉड या विषयावर करावा.

तसं पाहिलं तर यांतला एकही मॉड दोन गोष्टींना हात लावत नाही. एक म्हणजे पहिली चाल. ती होईपर्यंत सारं काही इतिहासाबरहुकूम, प्रत्येक शहराचा मालक तपासलेला. आणि ती झाली की ब्रिटनमधली कासे टोळी बॅबिलॉनकडे निघाली तरी कोणी आडवं येत नाही. दुसरी म्हणजे सेव्ह केलेला डाव. पिरस ख्रिस्तपूर्व २७२ मध्ये आर्गोस शहराच्या गल्लीत लढत असताना वरून एका म्हातारीनं कौल फेकून मारलं आणि त्याचा शेवट झाला. इतका मोठा सेनापती, एका कौलानं संपला. ईबीत पिरस मेला तर आपण काय करतो? पाच मिनिटांपूर्वीचा डाव उघडतो. चिलखताच्या कड्या मोजणाऱ्यांनी, ऋतू चार करणाऱ्यांनी, मेलेल्या भाषा बोलायला लावणाऱ्यांनी, एकानंही ही सोय काढून टाकलेली नाही. काढली असती तर मॉड खेळायला स्वतः मॉडवालेही उरले नसते.

तेव्हा माझा निकाल ऐका. मूळ 'रोम' आधी खेळा, डुकरांसकट, किंचाळणाऱ्या बायकांसकट, हसत. चूक काय आहे ते माहीत असल्याशिवाय दुरुस्तीची चव कळत नाही. मग आरटीआर खेळा, दोन-चार आठवड्यांत तुमचा गॉल जिंकून होईल आणि भरतीची कटकट अंगवळणी पडेल. हिशेबाची आवड असेल तर 'डिव्हाइड एट इम्पेरा' उत्तम; संध्याकाळी शांतपणे खेळायचं असेल तर 'स्टेनलेस स्टील'. ईबी हा यांतला सर्वांत थोर मॉड आहे आणि खेळायला सर्वांत वाईट, असं माझं स्पष्ट मत आहे. तो वाचण्यासाठी घ्यावा, जमल्यास रजा टाकून. आणि घेतलाच, तर डाव उघडल्या उघडल्या त्या सल्लागाराला हाक मारून स्क्रिप्ट सुरू करायला विसरू नका.